कदमांचा डावा हात

शरद कदमांच्या हातात कोणी गिटार दिली की ते ती आधी वाजवून बघत नसत. मधल्या गोल भोकाला नाक लावून वास घेत. मग सांगत, "ही पेटीत होती, डांबराच्या गोळ्यांबरोबर." किंवा, "हिच्यावर चहा सांडलाय." समोरचा ओशाळायचा, कारण बहुतेक वेळा ते खरं निघायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. पुढे आठ वर्षं दर रविवारी तेच बघितलं आणि मत थोडं बदललं. सगळं नाही.

कदम माझ्या यजमानांबरोबर कारखान्यात फिटर होते. देवासलाच जन्मले, देवासलाच नोकरी केली. पणजोबा दरबाराच्या पागेत होते असं सांगत, पण इथे आपल्यातले सगळेच तसं सांगतात. इतके घोडे होते कुठे, हे मला कळलेलं नाही. गिटार त्यांनी कारखान्याच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात धरली. त्यांची बायको नलिनी म्हणायची, "मी या घरात आले तेव्हा ती आधीच आलेली होती, आणि चांगला कोपरा तिला मिळाला होता." नलिनी गेली, पुढे माझे यजमानही गेले, आणि माझी रस्त्याकडची खोली रिकामी पडली. तेव्हा कदम येऊन म्हणाले, "वहिनी, रविवारी सकाळी दोन तास खोली द्याल?"

"कशाला?"

"गिटारवाली माणसं येतील."

"चहा मी करणार नाही, भावजी."

"नकाच करू."

पहिल्या रविवारपासून चहा मीच केला. चार माणसं आपल्या घरात कोरड्या घशाने बसलेली मला बघवत नाहीत, एवढंच. पोहे मात्र त्यांनी बाहेरून आणायचे, असं मी दुसऱ्या रविवारी स्पष्ट सांगितलं.

आधी तिघेच होते. मग मोबाइलवर त्यांचा ग्रुप झाला आणि लांबून माणसं यायला लागली. कुक्षीहून एक जण पहाटेची बस धरून यायचा. माणूस कोण, काय करतो, हे कदम विचारत नसत. त्यांचा एक नियम होता आणि त्यात सगळं येऊन जायचं. खोलीत आलेल्या नव्या माणसाने नाव सांगायचं, गाव सांगायचं, मग आपलं आवडतं वाद्य मांडीवर घेऊन त्याची एक खोड सांगायची. एकच, पण खरी. चांगलं काही सांगायचं नाही. "चांगलं दुकानदाराने सांगितलंच असेल," कदम म्हणत. त्यानंतर ती गिटार डावीकडच्या माणसाला द्यायची. त्याने डोळे मिटून घ्यायची, म्हणजे कंपनीचं नाव दिसत नाही, आणि वाजवायची. पहिल्या दिवशी मालकाने आपल्या गिटारला हात लावायचा नाही, समोर बसून ऐकायचं.

"रोज तुम्ही हिच्या पाठीमागे बसता," ते सांगत. "आज पुढे बसा. ती काय बोलते ते पुढून कळतं."

बदनावरचा पवन असाच आला. तिशीचा, मंडीत सोयाबीन तोलायच्या कामावर. हाताचे तळवे खुरप्यासारखे. म्हणाला, "पवन, बदनावर से. ऑर्केस्ट्रावाले छोड़ गए थे, तब से मेरे पास है. खोड़ ये है भिया, कि गर्मी में इसका पेट फूल जाता है." सगळे हसले. कदम हसले नाहीत. त्यांनी गिटारच्या पोटावर बोटाने टकटक केलं, वास घेतला आणि म्हणाले, "फुगणारच. आतली पट्टी सुटली आहे. पुढच्या रविवारी ठेवून जा." पवनची गिटार सगळ्यांत भंगार होती आणि तो सगळ्यांत चांगला वाजवायचा. हे मला गाण्यातलं कळत नसताना कळलं. तो वाजवायला लागला की माझं पोळी लाटणं मंद व्हायचं.

धारची मंजिरी शाळेत शिकवायची. तिची गिटार नायलॉनच्या तारांची. तिने खोड सांगितली, "आवाज लहान आहे. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जात नाही." कदमांनी विचारलं, "मग मागचा बाक काय करतो?" ती म्हणाली, "पुढे येऊन बसतो." त्यावर ते बराच वेळ मान हलवत होते. त्यांना ती मुलगी तिथेच पसंत पडली. पुढे तिने धारलाही अशीच बैठक सुरू केली, नियम हेच.

इंदुरातून एक गृहस्थ आले होते, गिटार मखमलीच्या पेटीत. खोड सांगा म्हटल्यावर म्हणाले, "इसमें कोई कमी नहीं है, भिया. परदेस की है."

"मग इथे का आणलीत?" कदम म्हणाले. "देवघरात ठेवा."

गृहस्थांना राग आला, पण दहा जणांसमोर उठून जाता येईना. गिटार डावीकडे गेली. डावीकडे पवन होता. त्याने डोळे मिटून ती घेतली आणि वाजवली, छानच वाजवली. गृहस्थ समोर बसून ऐकत होते. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. गेले ते दीड महिना आले नाहीत. मग एका रविवारी आले, मखमलीची पेटी नव्हती, साध्या खोळीत गिटार. बसले आणि म्हणाले, "चौथी पट्टी पे झनझनाती है, भिया." कदम म्हणाले, "या. आता ओळख झाली."

असे ते होते. गोड बोलणं जमत नसे. बायकांशी बोलताना भिंतीकडे बघत. जेवायला बोलावलं तर 'नको' म्हणत आणि ताट वाढलं की बसत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक कानस असायची. कुठेही बसले की ती काढून कशावर तरी घासत. माझ्या फाटकाचं कुरकुरणं त्यांनी असंच एक दिवस न विचारता बंद केलं, आणि कोणी आलेलं मला कळेनासं झालं.

त्यांचा हात माझ्या लक्षात आला तो पोह्यांमुळे. दोन्ही हातांत प्लेटा घेऊन येणारा माणूस एक एक प्लेट आणायला लागला. मग बघितलं तर डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. खांद्यावरचा पंचा ते त्या हातावर टाकून बसायचे. गिटार त्याच हाताने दाबतात. उजव्याने नुसती छेडतात. एवढं मलाही आठ वर्षांत कळलं होतं.

त्यांच्याच नियमाने त्यांना झाकलं. सगळे एकमेकांची वाद्यं वाजवणार, हे ऐकणार. कोणाची तार लावून दे, कोणाची खुंटी घट्ट करून दे, "दुसरं बोट खाली घे" असं सांग. वर्ष उलटलं तरी त्यांनी स्वतः काही वाजवलं नाही, हे त्या दहा-बारा जणांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. इतकी कानांची माणसं, पण डोळ्यांचं काम त्यांना येत नव्हतं.

मी विचारलं नाही. आपण होऊन सांगतील तर सांगतील.

मग श्रावणात एका दुपारी मी झोपून उठले तर स्वयंपाकघरात वास. माझ्या चहाच्या पातेल्यात काहीतरी उकळत होतं आणि कदम शेजारी उभे. झाकण काढलं. आत हाड.

"भावजी, श्रावण आहे."

"खायचं नाहीये, वहिनी."

"मग माझ्या पातेल्यात काय करतंय?"

"तेल काढतोय त्याचं. माझ्याकडचा गॅस संपला."

पातेलं मी हाडासकट अंगणात ठेवून आले. ते मागे आले, पायरीवर बसले आणि सांगायला लागले, भिंतीकडे बघतच. गिटारच्या मानेच्या टोकाला हाडाची एक पांढरी पट्टी असते, तिच्यात सहा खाचा. जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला अरुंद. त्यांना त्या उलट्या हव्या होत्या. तारा उलट्या लावायच्या, म्हणजे गिटार दुसऱ्या बाजूने धरता येईल. उजव्या हाताने दाबायची, डाव्याने छेडायची. डाव्याचा अंगठा आणि दोन बोटं अजून चालत होती.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"साखरेमुळे होतं म्हणाला. चिरलं तर सुटतील कदाचित, कदाचित नाही."

"त्या लोकांना सांगा की मग."

"सांगितलं तर शाल देतील."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "आमच्या मंडळात एक पेटीवाले होते. चांगले होते. म्हातारे झाले, आम्ही त्यांचा सत्कार केला, शाल, श्रीफळ, सगळं. त्या दिवसापासून त्यांना कोणी 'चुकलात' म्हणालं नाही. चार वर्षं चुकीचं वाजवत होते आणि आम्ही माना डोलवत होतो. मीपण डोलवत होतो. एकदा मला म्हणाले, 'शरद, बरोबर येतंय ना रे?' मी म्हणालो, 'उत्तम.'" मग खिशातली कानस काढून पायरीच्या कडेवर घासायला लागले. "मला अजून वाजवायचंय, वहिनी. वाईट तर वाईट. पण कोणीतरी चुकलं म्हणून सांगणारं पाहिजे."

मी पातेलं परत आत आणलं. नंतर ते चहाला वापरलं नाही.

त्या दिवसापासून रोज दुपारी ते पुढच्या खोलीत बसायला लागले. घरी वाजवलं तर खालचा भाडेकरू ऐकेल आणि बाहेर बोलेल. पंचेचाळीस वर्षं वाजवलेला माणूस बाराखडी गिरवत होता. डोक्यात सगळं होतं, उजव्या हाताला काहीच माहीत नव्हतं. एक सूर, मग खरखर, मग शांत. पुन्हा तोच सूर. पंधरा दिवसांनी त्यांनी दारातून विचारलं, "कसं वाटतंय?"

"वाईट."

"किती वाईट?"

"लग्नातल्या बँडपेक्षा."

"कुठल्या? आपल्या चौकातल्या?"

"त्यांच्यापेक्षाही."

ते खूश होऊन परत आत गेले. तेव्हापासून दर आठवड्याला विचारायचे, मी सांगायची. दिवाळीच्या सुमारास मी म्हटलं, "आता चौकातल्यांइतकं आलंय." बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. ते मला दाखवले, पोरगं पडलेला दात दाखवतं तसे.

त्याच वेळी दोन गोष्टी झाल्या. त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो, त्याने ठरवलं की साखर वाढलेल्या माणसाने एकट्याने राहायचं नाही, बाबांना आता पुण्याला न्यायचं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कदम एकदा 'नको' म्हणाले आणि मग ताटावर बसावं तसे तयार झाले. दुसरी गोष्ट, मंजिरीचा मला फोन आला. "काकू, कदम सर जाणार म्हणून धारला मोठी बैठक ठेवलीय. सगळ्या गावांची माणसं येतील, ओळखी होतील, आणि शेवटी सरांचा सत्कार. मग त्यांनी वाजवायचं. आम्ही कोणी त्यांना नीट ऐकलंच नाहीये. त्यांना सांगू नका हं, गंमत आहे."

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि कदमांना जाऊन सांगितलं.

ते पिशवीत कपडे भरत होते. भरायचे थांबले. "शाल?"

"असेलच."

"मग ओळखीच्या गोलात बसावं लागेल. सत्काराच्या आधी."

"आणि वाजवायला लावलं तर?"

"चार सुरांची चाल येते. तिसऱ्या जागेवर अडकते."

"नाही गेलात तर?"

"तर ते पुण्याला शाल पाठवतील," ते म्हणाले.

पौषात आम्ही बसने धारला गेलो, इंदुरात बस बदलून. प्रशांत गाडी घेऊन परस्पर तिथे येणार होता आणि तिथूनच गुजरीच्या रस्त्याने त्यांना घेऊन हायवेला लागणार होता. मी का गेले? त्यांनी म्हटलं, "वहिनी, चला." आणि धारला माझी मावसबहीण होती, ती बरीच वर्षं बघितली नव्हती. ती घरी नव्हती, ते वेगळं.

बसमध्ये कदम गिटार मांडीवर उभी धरून बसले होते. खोळीवरून उजव्या हाताची बोटं हलत होती. घाटाबिल्लोदला चहा घ्यायला उतरले नाहीत, म्हणजे घाबरले होते.

हॉलमध्ये तीसेक माणसं, जमिनीवर सतरंजी, गोल बसलेली. एका बाजूला टेबल, त्यावर नारळ आणि घडी केलेली तपकिरी शाल. मंजिरी लगबगीने आली, "सर, तुम्ही इकडे खुर्चीवर." कदम म्हणाले, "खुर्चीवर बसून ओळख देता येत नाही," आणि गोलात नव्या माणसांच्या ओळीत जाऊन बसले. त्यांच्या डावीकडे पवन येऊन बसला. तो त्यांना सोडून कधी बसतच नसे. मी भिंतीला टेकून बसले.

ओळखी सुरू झाल्या. नाव, गाव, वाद्य, खोड. कोणाची मान वाकलेली, कोणाची खुंटी सरकणारी. एक म्हातारा म्हणाला, "खोड म्हणजे, बायकोला आवडत नाही," त्याला कदमांनीच सुनावलं, "ती वाद्याची खोड नाही. दुसरी सांगा." सगळे हसत होते. मग कदमांची पाळी आली. लोकांना वाटलं ते पुढे जायला सांगतील.

"शरद कदम," ते म्हणाले. "देवास. शिकायला लागून पाच महिने झाले."

पुन्हा हसू. मस्करीच वाटली त्यांना.

"खोड वाजवल्यावर कळेल," असं म्हणून त्यांनी गिटार डावीकडे दिली.

पवनने नेहमीसारखे डोळे मिटले, गिटार मांडीवर घेतली आणि हात टाकला. जो आवाज निघाला तो मी पाच महिन्यांपूर्वी ऐकला होता. पवन थबकला. डोळे न उघडता पुन्हा बोटं नीट ठेवली, पुन्हा वाजवलं. आणखी वाईट. कोणीतरी म्हणालं, "क्या हुआ पवन, बदनावर में ही छोड़ आया क्या हाथ?" मोठा हशा झाला. पवनचे कान लाल झाले. त्याने डोळे उघडून तारांकडे बघितलं. जाड तार खाली, बारीक वर. मग त्याने मान वळवली आणि कदमांचा हात बघितला. त्या दिवशी पंचा घरी राहिला होता की त्यांनी मुद्दाम ठेवला होता, मला माहीत नाही.

हशा एकेक करून थांबला. सगळ्यांनी बघितलं.

पवनने तारांवरचा हात उचलला. मग गिटार परत त्यांच्याकडे दिली आणि हळूच म्हणाला, "भिया, ये मेरे से नहीं बजेगी. आज नियम रहने दो. आप ही बजाओ."

कदमांनी वाजवली. चार सुरांची ती चाल, जी नव्या माणसाला ते दुसऱ्या रविवारी शिकवायचे. हॉलमधल्या निम्म्या माणसांनी ती त्यांच्याकडूनच घेतली होती. पहिली जागा बरी आली. दुसरी आली. तिसरीवर अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली. मी बघत होते ती लोकांची तोंडं. काही जणांचे डोळे भरले होते, काही माना डोलवायला लागल्या होत्या, चुकलेल्या सुरावरच. कदमांनी ते बघितलं. त्यांचा हात तारेवरच राहिला आणि चेहरा असा पडला की मला उठून त्यांना बसकडे घेऊन जावंसं वाटलं.

मंजिरी टेबलाजवळ उभी होती, शालीची घडी हातात घेतलेली. तिचेही डोळे ओले होते. पण ती शिकवणारी बाई. हाताकडे बघत होती.

"अंगठा," ती म्हणाली.

कदमांनी मान वर केली.

"सर, अंगठा मानेच्या वर येतोय. म्हणून बोट पोचत नाहीये."

कदमांनी अंगठा खाली घेतला. "आता?"

"अजून."

"आता?"

"हां. वाजवा."

वाजवलं. तिसरी जागा अर्धी आली. आणि पवन शेजारून म्हणाला, "और तीसरी तार उतरी हुई है, भिया. कब से सुन रहा हूँ."

कदम त्याच्याकडे वळले. "कब से सुन रहा है तो बोला क्यों नहीं, गाढवा?" खुंटी पिळली आणि तार लावायला लागले. मग कुक्षीवाला म्हणाला, मनगट फार वाकतंय. आणखी कोणी म्हणालं, नाही, मनगट बरोबर आहे, गिटार तिरकी धरलीय. त्यावर दोघांचं भांडण लागलं आणि तिसरा मध्ये पडला. सत्काराची वेळ निघून गेली. मंजिरीने हातातली शाल कुठे ठेवावी हे न सुचून माझ्या खांद्यावर टाकली. भिंत गार होती, मी घेतली. चांगली लोकरीची आहे, अजून वापरते.

प्रशांत दोनदा दारात येऊन गेला. "बाबा, घाट उजेडी उतरायचाय." "पाच मिनिटं," कदम म्हणाले. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा आत येऊन सतरंजीच्या कडेला बसला.

पुण्याला ते सव्वा वर्ष होते. तिथेच गेले. फोनवर कधी बोलणं झालं नाही. त्यांना फोनवर बोलता येत नसे आणि मलाही येत नाही.

त्या दिवशी धारहून माझी इंदूरची बस साडेतीनची होती. मी उठले, चपला शोधल्या. दारातून म्हटलं, "येते, भावजी."

त्यांच्या भोवती सात-आठ जण वाकले होते. मंजिरी समोर गुडघ्यावर बसून त्यांचं मधलं बोट चिमटीत धरून तारेवर ठेवत होती. ते मान वर न करता "हां, हां" म्हणाले आणि तिला म्हणाले, "थांब, दाबू नको, मला ठेवू दे."

मी बसस्टँडवर आले. बस लागलेली होती, खिडकीची जागा मिळाली.